शांतारामची घाई

दिल्लीच्या प्रगती मैदानातल्या शस्त्रप्रदर्शनात, एका परदेशी कंपनीच्या स्टॉलच्या पडद्यामागे उभं राहून वैजयंतीनं ते ऐकलं, आणि ऐकून तिनं काय केलं, तर पोचवायला आणलेला प्रवेशपासांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा जुळवल्या. नंतर तिला खंडेरावाचा राग आला, सरकारचा आला, देवाचा आला, पण सगळ्यात आधी आला तो ह्या कडांचा. कडा कसल्या जुळवतेस, बाई? गठ्ठा तोंडावर फेकायचा होता. पडद्यापलीकडे खंडेराव इंग्रजीत बोलत होता. खंडेराव म्हणजे तिच्या नवऱ्याचा, शांतारामचा, एके काळचा साहेब. क्षेपणास्त्रांच्या सरकारी कामातून निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत ह्या कंपनीचा सल्लागार झाला. शांताराम गेल्यापासून तो तिचा मानलेला भाऊ होता. "तुम्ही मला सेफ्टी शिकवता?" तो त्या गोऱ्या माणसांना म्हणत होता. "आमच्या वेळी आम्ही इंधन गार व्हायच्या आत मधला दांडा ओढून काढलाय. माझा माणूस म्हणे, सर, अजून दोन दिवस थांबू या. मी म्हटलं, मिनिस्टर थांबणार आहे का तुझ्यासाठी? ओढ. वन मॅन वुई लॉस्ट. बट वुई मेट द डेट." आणि दोघंतिघं हसले. मोठ्यानं नाही, सभ्यपणे, जेवणानंतर हसतात तसं. मग पडद्याच्या फटीतून त्याला ती दिसली. "अरे वैजू, ये ये. जेंटलमेन, मीट माय सिस्टर." गोऱ्या माणसानं हात जोडले. तिनंही जोडले.

तिथून ती बाहेर कशी आली हे तिला नीट आठवत नव्हतं. आठवत होती ती हॉलभर आडवी ठेवलेली क्षेपणास्त्रं. पांढरी, राखाडी, पोटाला लाल पट्टा असलेली. रशियाची, फ्रान्सची, इस्रायलची, दक्षिण आफ्रिकेची. विमानाच्या मागे ऊब हुंगत जाणारी, समुद्राच्या पाण्यावरून सरपटत जाणारी, मागे तार सोडत रणगाड्यावर जाऊन पडणारी. दोन्ही बाजूंना मखमली दोऱ्या आणि पायाशी ऑर्किडची फुलं. साडी नेसलेल्या पोरी ब्रीफकेसवाल्यांना किल्ल्यांचे छल्ले वाटत होत्या, आणि त्या छल्ल्यांनाही बोटाएवढं क्षेपणास्त्र लटकवलेलं. लाज म्हणून काही आहे का? लाजपतनगरच्या दुकानात फ्रिज मांडतात तेही इतकं नटवून मांडत नाहीत. आणि हिला काय नवीन होतं त्यात? संरक्षण मंत्रालयात नोकरीला लागल्यापासून ती हेच तर टाइप करत आली होती. कुठल्या देशाकडे कुठलं क्षेपणास्त्र, पल्ला किती, वजन किती, आत दिशा दाखवणारं यंत्र कसलं, घन इंधन की द्रव. अमुक देशानं तमुक देशाकडून घेतलं, त्यानं खोलून बघितलं, दुसरं नाव देऊन स्वतःचं म्हणून उडवलं. जगातल्या निम्म्या देशांची क्षेपणास्त्रं तिच्या बोटांखालून गेली होती, आणि कुठल्याच देशाच्या तक्त्यात ते बनवताना कोण जळालं ह्याला जागा नव्हती. इतकी वर्षं तिला ह्याचं काही वाटलं नव्हतं, कारण जो जळाला तो स्वतःच्या चुकीनं जळाला असं ती धरून चालली होती.

चार्टर्ड बस धौला कुआँच्या पुढे रेंगाळली. खिडकीशी बसलेल्या वैजयंतीच्या शेजारी रोजची मिसेस भाटिया मटार सोलत होती, आणि "क्या हुआ, तबीयत ठीक नहीं?" म्हणून एकदा विचारून पुन्हा मटारांकडे वळली होती. गार व्हायच्या आत. हे दोन-तीन शब्द वैजयंतीच्या डोक्यात बसच्या इंजिनासारखे घरघरत होते. दांडा म्हणजे काय ते तिला माहीत होतं; शांतारामनंच एकदा सांगितलं होतं, घरात असलं काही बोलायची बंदी असतानाही, आर. के. पुरमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, इडलीपात्राकडे बघत. इंधन घट्ट रबरासारखं असतं. ते नळकांड्यात ओततात, मधोमध एक दांडा उभा करून. इंधन आळलं की दांडा काढतात, म्हणजे मधे पोकळी राहते आणि आग त्या पोकळीतून सारखी पसरते. पण दांडा काढायचा तो इंधन पार गार झाल्यावर, हळू, अगदी हळू, घासता कामा नये. "तुला इडली गरम असताना चमच्यानं उकरून काढायची घाई असते ना, तशी घाई तिथे चालत नाही," असं म्हणून तो हसला होता. तो हसायलाही सावकाश लागायचा. डाळिंब सोलायला बसला की पाऊण तास. एक दाणा फुटू द्यायचा नाही. बुटाची नाडी दोनदा बांधायचा. त्याच्या ह्या संथपणावरून तिनं त्याला किती बोलून घेतलं होतं, सिनेमाची सुरुवात चुकली म्हणून, पाहुण्यांना उशीर झाला म्हणून. आणि हा माणूस घाईनं मेला, हे तिला सांगितलं गेलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

सांगितलं खंडेरावानंच. शांताराम कामासाठी गेला होता त्या दक्षिणेतल्या कारखान्यातून तो स्वतः पेटीबरोबर आला होता. पेटी उघडायची नाही असं सांगायला आणखी कुणीतरी होतं, पण रडणाऱ्या वैजयंतीच्या डोक्यावर हात ठेवणारा तोच. तेराव्यानंतर, लोक पांगल्यावर, त्यानं तिला गॅलरीत बोलावलं. अक्षया तेव्हा चालायलाही लागली नव्हती, खांद्यावर होती. "वैजू," तो म्हणाला, पहिल्यांदाच वैजू म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. त्यानं घाई केली गं. दोन दिवस थांबायचं होतं, थांबला नाही. कुणाला विचारलंही नाही. मी वर तसं कळू दिलेलं नाही. कळलं असतं तर तुझी नोकरी, पेन्शन, सगळंच अडकलं असतं. आता तूही कुठे बोलू नकोस, विचारू नकोस." आणि तिनं काय केलं? पदर सावरून ती त्याच्या पाया पडली. नवऱ्याच्या चुकीवर पांघरूण घातलं म्हणून पाया पडली. बस मायापुरीकडून आलेल्या ट्रकांच्या मागे उभी होती आणि वैजयंतीला आपले गुडघे त्या गॅलरीतल्या फरशीवर टेकलेले जसेच्या तसे जाणवले, फरशीचा गारवासुद्धा. काय हुशारी होती मेल्याची. नुसतं अपघात झाला म्हटलं असतं तर तिनं दहा दारं ठोठावली असती, कसा झाला, कुणी सांगितलं होतं, कोण हजर होतं. त्यानं असं काही सांगितलं की तिचं तोंड तिनंच शिवून घेतलं. विचारायला जावं तर नवऱ्याचीच अब्रू जायची. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. वैजयंतीची मस्तकात गेली आणि तिथून जायला वाटच सापडेना. मिसेस भाटियानं तिच्या ओंजळीत न विचारता चार शेंगा ठेवल्या. तिनं त्या सोलल्या.

द्वारकेच्या सोसायटीत त्या दिवशीही पाणी नव्हतं. टँकरपाशी बादल्यांची रांग, अर्ध्या बांधलेल्या इमारतींच्या गजांवरून उतरणारं विमान, आणि नव्या मार्केटात चायनीज दिव्यांच्या माळा. हा फ्लॅटही खंडेरावानंच सुचवलेला. सोसायटीत आपली मराठी माणसं आहेत, नाव नोंदव, गुडगाव काय नि द्वारका काय, उद्या हीच दिल्ली होणार, असं तो म्हणाला होता आणि ते खरं निघालं होतं. त्याचं सगळंच खरं निघायचं. तो स्वतः गुडगावला उंच टॉवरमध्ये राहायला गेला होता, जिथे लिफ्टमध्ये गाणी लागतात. "आई, मामाचा फोन होता," अक्षया दारातच म्हणाली. "भाऊबीजेला शामको येतोय, शुअर. आणि तो म्हणाला लग्नात माझ्यामागे उभा राहणार तेव्हा फेटा बांधणार, टोपी नाही. हाऊ स्वीट ना?" लग्न मार्गशीर्षात होतं. अंतरपाट धरला की मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं; अक्षयाला सख्खा मामा नव्हताच, तेव्हा ते कधीपासून ठरलेलं. वैजयंतीनं तिच्याकडे पाहिलं. शांतारामचं कपाळ, शांतारामच्या जाड भिवया. आता सांगावं, ह्या क्षणी, असं तिच्या ओठांवर आलं आणि ती म्हणाली, "बिल्कुल. मटार आणलेत थोडे." मग ती बाथरूममध्ये गेली आणि कोरड्या नळाखाली हात धरून उभी राहिली.

कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि त्यात एकट्या खंडेरावाचं पाप नव्हतं. घाई करू नकोस, बाबांसारखी. हे कुणी म्हटलं होतं? तिनंच. अक्षया जिन्यावरून पळाली की म्हणायची, परीक्षेत गणित चुकलं की म्हणायची, दूध उतू गेलं की म्हणायची. शाळेत एकदा हिंदीच्या बाईंनी वडिलांवर निबंध लिहायला सांगितला तर पोरीनं लिहून ठेवलं, मेरे पिताजी जल्दबाज़ी में मर गए. आणि बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा वैजयंती म्हणाली होती, हो, तसंच आहे ते. शांतारामच्या फोटोला ती हार घालायची तो घालायचा म्हणून. बाकीच्या दिवशी धूळ पुसताना ती त्या फोटोशी भांडत आली होती. दोन दिवस थांबवलं नाही तुम्हाला? लहान पोर घरात, आणि तुम्हाला दोन दिवसांची घाई? पहिल्यांदा केबल टीव्ही आला तेव्हा इराकवरचं युद्ध दाखवत होते, सगळा मजला देशपांड्यांच्या घरात जमून स्कड आणि पॅट्रियटची टक्कर क्रिकेटसारखी बघत होता, आणि ही मात्र आपल्या अंधाऱ्या खोलीत बसून त्या फोटोला म्हणाली होती की तुमच्यापेक्षा हे बरे, हे निदान वेळेवर फुटतात. असं म्हणाली होती ती. दगडासारख्या माणसालाही कुणी असं बोलत नाही. आणि तो काचेमागे नाडी दोनदा बांधलेल्या बुटांत उभा राहून इतकी वर्षं हे ऐकत होता. सर, अजून दोन दिवस थांबू या. म्हणाला होता की तो. तिनं नळ घट्ट पिळला, पाणी येत नव्हतं तरी पिळला.

दिवाळीचे दिवस तिनं रागावर काढले. राग असा की त्याला हात असते तर त्यानं चकल्या तिच्यापेक्षा बऱ्या पाडल्या असत्या. मोहन जास्त पडलं, करंज्या तेलात हसल्या, अक्षया म्हणाली "आई यार, तुला झालंय काय," आणि ती म्हणाली, काही नाही. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या पोरांनी बाटलीतून रॉकेट सोडलं, ते वाकडं जाऊन कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीत शिरलं, सगळे हसले. वैजयंतीनं गच्चीचं दार लावून घेतलं. खंडेरावावर तिला चिडता येत नव्हतं हीच खरी पीडा होती. नुसतं चिडायला गेलं की त्याच्या उपकारांची रांग आडवी यायची. अक्षयाला गोवर आला तेव्हा रात्र जागलेला. क्वार्टर सोडायला लावत होते तेव्हा मोठ्या साहेबाला भिडलेला. आणि पहिली भाऊबीज. सासरच्या बायका कुजबुजत होत्या की हिनं कसलं ओवाळायचं, हिच्या कपाळावर कुंकू नाही, तेव्हा हाच पाटावर येऊन बसला होता आणि म्हणाला होता, "विधवा-बिधवा मी मानत नाही. तू मला ओवाळ." तिला तेव्हा वाटलं होतं की जगात एक तरी माणूस आहे. आता त्या माणसाला सोडायचं तर मागे उरायचं काय? मंत्रालयातली खुर्ची, हप्त्याहप्त्यानं येणारं पाणी आणि लग्न होऊन जाणारी मुलगी. मूग गिळून बसलं तर मार्गशीर्षात फेटा बांधून तो अक्षयाच्या पाठीशी उभा राहील, ज्यानं तिच्या बापाला ओढ म्हटलं तो. आणि फोटोतला माणूस आणखी एकदा, लग्नाच्या आहेरांसमोर, उतावळा ठरेल. पाडव्याच्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता तिला उमगलं की तो इतकी वर्षं पश्चात्तापानं येत आला असेल तर तिला कदाचित माफही करता येईल. गोवरातल्या त्या रात्री त्यालाही ह्याच आठवणीनं झोप लागली नसेल. पण मग तो त्या पडद्यामागे हसला कसा? आणि हसला तोही माल खपवण्यासाठी. परदेशी कंपनीचं सुरक्षित यंत्र आपल्या लोकांना विकायचं, तर आपल्याकडचं मढं दाखवावं लागतं. किती स्टॉलवर, किती जेवणांत त्यानं शांतारामला असं ताटात वाढलं असेल कोण जाणे. तिनं कढई अशी आपटली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "क्या हुआ जी?" म्हणून ओरडलं.

भाऊबीजेला तो आला तो दिवस कलत असताना, रेशमी कुडता, अत्तर, हातात मिठाईचा मोठा खोका. अक्षयानं पाटाभोवती रांगोळी काढली होती. तो गुडघ्याला हात लावून कण्हत पाटावर बसला, खिशातला रुमाल उलगडून डोक्यावर ठेवला आणि हसून म्हणाला, "चला वैजूबाई, आज जेवायला वासुंदी आहे असा वास येतोय." तबकात निरांजन, सुपारी, अक्षता, अंगठी. सगळं तिनं स्वतः लावलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "अक्षया आता सासरी जाणार. तिच्या बाबांचं कसं झालं ते तिला तुमच्या तोंडून कळू दे."

"आजच्या दिवशी कशाला गं?"

"सांगा. तुम्ही हजर होता."

त्यानं एकदा वैजयंतीकडे पाहिलं, एकदा अक्षयाकडे. तिला वाटलं, आता म्हणेल. म्हण रे बाबा, तिनं आतून अगदी जीव तोडून म्हटलं, एकदा खरं म्हण, मी तुला ओवाळते, वाटलं तर रडत ओवाळते. खंडेरावानं चेहरा मऊ केला. तो कसा मऊ होतो ते तिनं किती वेळा पाहिलं होतं. "बेटा, तुझे बाबा हिरा माणूस," तो म्हणाला. "फक्त थोडे उतावळे. दोन दिवस थांबले असते तर आज इथे असते. मी तिथे असूनही थांबवू शकलो नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं."

अक्षयाचे डोळे भरले. तिनं मान हलवली, लहानपणापासून पाठ असलेलं ऐकताना हलवतात तशी.

"वन मॅन वुई लॉस्ट," वैजयंती म्हणाली.

 खंडेरावाचा रुमाल किंचित घसरला. त्यानं तो हातानं धरला. बाहेर टँकरवाल्यानं हॉर्न दिला.

"बट वुई मेट द डेट. पडद्यामागे मीच होते, दादा. तुम्ही मला आत बोलावलंत की. सिस्टर म्हणालात."

"वैजू, हे बघ," तो म्हणाला, आणि आवाज अजून मऊच होता, "ते धंद्याचं बोलणं असतं. बोलावं लागतं. वरून प्रेशर किती होतं तुला कल्पना नाही. कुणीही माझ्या जागी असता तर—" मग त्याचा आवाज चढला. "आणि मी काय कमी केलं तुमचं? मी नसतो तर ह्या पोरीला घेऊन कुठे गेली असतीस? सांग ना. गावी? कुणाच्या दारात?"

"मामा, क्या बोल रहे हो?" अक्षया म्हणाली. "प्रेशर म्हणजे... तू घाई करायला लावलीस त्यांना?" तो डोक्यावरचा रुमाल नीट करू लागला. तेवढंच तिला पुरलं. ती दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली.

वैजयंतीनं लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. हे, अक्षयाचे बाबा, तो गेल्यावरही तेच. "शांताराम घाई करत नसे," ती म्हणाली. नाव जिभेवर अनोळखी लागलं, म्हणून तिनं ते पुन्हा घेतलं. "अक्षया, नीट ऐक. शांताराम 'सर, थांबू या' म्हणाला होता. ह्यांनी ओढायला लावलं. तुझ्या बाबांनी आयुष्यात एकदाही घाई केली नाही. मी तुला जे सांगत आले ते खोटं होतं, आणि मला ते ह्या माणसानं सांगितलं होतं." तिला वाटलं होतं हे बोलताना आपण किंचाळू. आवाज साधाच निघाला, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणून सांगताना निघतो तसा. पण अंगात काहीतरी सरळ उभं राहिलं होतं आणि ते आता वाकणार नव्हतं.

"बरं, झालं बोलून?" खंडेराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "सणाचा दिवस आहे. ओवाळ आता. बाकीचं आपण शांतपणे बोलू." आणि त्यानं, सवयीनं, गंध लावून घ्यायला मान पुढे केली.

वैजयंती तबक घेऊन त्याच्या बाजूनं निघाली. रांगोळी तिनं ओलांडली नाही, वळसा घातला. गॅलरीचं दार कोपरानं ढकलून ती बाहेर गेली. पश्चिमेला, गज उघडे पडलेल्या इमारतींच्या वर, बीजेची कोर होती, नखाएवढी, विमानांच्या धुरात मळलेली. तिनं तबक उचललं आणि कोरीला ओवाळायला सुरुवात केली. वाऱ्यानं ज्योत आडवी झाली. अक्षया मागून आली आणि तिनं ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. मग थोड्या वेळानं विचारलं, "आई, हे काय आहे? चंद्राला का?"

"ज्यांना भाऊ नसतो ना, त्या चंद्राला ओवाळतात," वैजयंती म्हणाली, आत ऐकू जाईल एवढ्यानं.

आत पाटावर खंडेराव डोक्यावरचा रुमाल धरून बसला होता, आणि त्याला उठा म्हणायला कुणी गेलं नाही.